शेवटची पंधरा मिनिटे

रविवार, २ नोव्हेंबर

तुळशीच्या लग्नासाठी ऊस बांधत असतानाच मधुभाऊ आले आणि एक जबाबदारी माझ्या गळ्यात घालून गेले. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या मासिक पत्रिकेत ‘अलीकडे आवडलेले’ हे सदर मी चालवायचे. दर महिन्यास एक पुस्तक, एक चित्रपट आणि एक मालिका सुचवायची. मी म्हणालो, “छत्तीस वर्षे डोंबिवलीत संस्कृत शिकवलेला माणूस मी. मला अलीकडचे काय आवडणार?” मधुभाऊ खोपटच्या एस.टी. आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, पण बोलण्याची रीत अजून फलाटावरचीच आहे. “अहो आप्पा, अलीकडचं म्हणजे शंभर वर्षांतलं धरा हवं तर. पण गाडी वेळेवर सुटली पाहिजे. पंचवीस तारखेला मजकूर.”

पुस्तकांचे माझे मी पाहीन. चित्रपटांसाठी साकेतने टीव्हीवर माझ्या नावाचा स्वतंत्र कप्पा करून दिला. नात उर्वीने त्यावर घुबडाचे चित्र लावले, कारण आजोबा शहाणे आहेत. साकेत म्हणाला, “आप्पा, इथे फक्त तुमचं दिसेल. मैथिली आणि मी आमच्यावर बघतो, यात कुणी डोकावणार नाही. हा कप्पा माझ्या फोनवरही घेऊन ठेवतो, काही अडलं तर तिथून बघेन.” मुलगा अलीकडे फार मृदू झाला आहे. थोडा वाळलाही आहे. ऐरोलीच्या कचेरीत कामाचा ताण असावा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पुस्तक ठरले. ‘खाजणकाठच्या बायका’. दिवा गावाकडच्या एका बाईने आपल्या आईच्या मिठागरातील आयुष्याविषयी लिहिले आहे. भाषा ओबडधोबड, पण एकही शब्द खोटा नाही. मिठाने पायांना पडलेल्या भेगांचे वर्णन दोनदा वाचले.

मालिका मात्र सापडेना. तीन पाहिल्या आणि तिन्हींत सासू जिन्यावरून पडली.

एक गोष्ट चमत्कारिक वाटली. माझ्या घुबडाच्या कप्प्यात ‘पुढे पाहा’ अशी एक रांग आहे. अर्धवट सोडलेले चित्रपट तिथे दिसतात आणि किती पाहून झाले ते प्रत्येकाखालची तांबडी रेघ दाखवते. त्या रांगेत मी कधीही न लावलेले चार चित्रपट होते. एकात एक माणूस आपले नाव बदलून दुसऱ्या गावी जातो, दुसऱ्यात एक घर आतून बंद सापडते. उर्वीला विचारले. ती म्हणाली, “टीव्ही शिकतो ना आजोबा, तुम्हाला काय आवडेल ते.” असे असेल, तर माझ्याविषयी या यंत्राचा फार मोठा गैरसमज झालेला आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

त्या चारांपैकी एक पाहावयास घेतला आणि अनपेक्षितपणे आवडला. ‘रखवालदाराची होडी’. उत्तरेकडील कोण्या थंड देशातला आहे. हिंदी बोल घातले आहेत. बेटावर दीपस्तंभ सांभाळणारा एक गृहस्थ, पत्नी आणि दोन मुले. एके दिवशी सरकार कळवते की दिवा यापुढे आपोआप लागेल, माणसाची गरज नाही. तो हे घरी सांगत नाही. रोज सकाळी डबा घेऊन जिने चढतो, वर बसून राहतो आणि संध्याकाळी उतरतो. मुलांवर त्याचे प्रेम किती उत्कट! एके सकाळी तो सर्वांना म्हणतो, “चांगले कपडे घाला. होडीतून फिरून येऊ.”

येथे संगीत बदलले आणि माझ्या नियमाप्रमाणे मी संच बंद केला. आपल्या संस्कृत नाटककारांनी रंगमंचावर मृत्यू सहसा येऊ दिला नाही. नाटकाच्या अंती भरतवाक्य म्हणून सर्वांचे कल्याण मागायचे आणि मगच प्रेक्षकाला घरी पाठवायचे. ज्या गोष्टीला असा शेवट नसेल असा संशय येतो, ती मी त्या आधीच सोडतो. आमच्या हिला माझा हा नियम मुळीच पटत नसे. “म्हणजे वाईट झालेलं तुम्हाला कळायलाच नको,” असे ती म्हणे. तिला जाऊन या माघात सहा वर्षे होतील.

कुटुंबवत्सल पित्याचे इतके सुंदर चित्रण फार दिवसांनी पाहिले. शिफारस करीन.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दुपारी साकेतच्या कचेरीतून एक खोके आले. मी सही करून घेतले. वरून मैथिलीने दिलेला त्याचा निळा चहाचा पेला, उर्वीचे छायाचित्र आणि एक लिफाफा दिसत होता. संध्याकाळी तो नेहमीप्रमाणे डबा घेऊन परतला तेव्हा खोके पाहून क्षणभर दारातच थबकला. म्हणाला, “जागा बदलतायत आमची. आप्पा, मैथिलीला सांगू नका. उगाच दहा प्रश्न विचारत बसेल.”

मी त्याला माझी मर्यादा स्पष्ट केली. मी असत्य बोलत नाही. दारात नको असलेला माणूस आला असताना “घरी नाहीत” एवढेही मी आजवर कोणासाठी म्हटलेले नाही. मैथिलीने विचारले तर आहे ते सांगेन. तिने विचारले नाही तर आपण होऊन बोलणार नाही. तो हसला. “तेवढं पुरे, आप्पा.”

मैथिलीने विचारले नाही. प्रयोगशाळेतून सूनबाई सात वाजता येते ती थकूनच.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मजकूर तीन दिवस आधीच दिला. मधुभाऊ न्यायला आले होते. चहा घेताना म्हणाले, “बुधवारी तुमचा साकेत दिसला मला. उपवनला, तळ्याच्या कट्ट्यावर. दुपारी दोनला. डबा उघडा मांडीवर आणि नजर मोबाईलमध्ये. हाक मारली तर लक्षच नाही.”

“साकेत ऐरोलीस असतो.”

“मग त्याचा जुळा असेल. तुम्ही जन्माला घातलात आणि विसरलात.”

मधुभाऊंना मोतीबिंदू आहे. मी विषय वाढवला नाही.

संच मात्र बिघडला आहे. ‘रखवालदाराची होडी’ची तांबडी रेघ रोज नव्या ठिकाणी असते. मी सोडले त्याच्या पुढे जाते, जवळजवळ टोकाला पोचते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे येऊन त्याच जागी थांबते. शेवटची पंधरा मिनिटे उरलेली. दिवसा घरात माझ्यावाचून कोणी नसते आणि मी तर तो चित्रपट पुन्हा लावलेलाच नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता. कठीण श्लोक आला की तो तोच चरण पुन्हा पुन्हा पुटपुटत बसे, पुढे जातच नसे. त्याची आठवण झाली.

सोमवार, १ डिसेंबर

मोक्षदा एकादशी. आजचा दिवस मी विसरणार नाही.

संध्या आटोपून बसलो होतो. साकेत आपण होऊन समोर येऊन बसला. लहानपणी पाठांतराला बसे तसाच, मांडी घालून. म्हणाला, “आप्पा, मोक्ष म्हणजे सगळं संपणं का?”

सदतीस वर्षांच्या मुलाने बापाला हा प्रश्न विचारावा! मी सविस्तर सांगितले. देह हे भाड्याचे घर आहे. सोडणाऱ्याचे त्यात काही जात नाही. जाणारा सुटतो. दुःख असते ते मागे राहणाऱ्यांचे.

त्याने ते नीट ऐकून घेतले. मग म्हणाला, “आणि मागे कुणी राहिलंच नाही तर?”

“तर दुःख कोणाला होणार? आश्रयच नाही, तर दुःख राहील कोठे?”

प्रश्न शास्त्रशुद्ध होता आणि उत्तरही. मला अतिशय समाधान वाटले. उठताना त्याने वाकून नमस्कार केला आणि कपाळ माझ्या पायांवर नको इतका वेळ ठेवले. मी म्हणालो, “पुरे रे, उठ आता.” त्याचे कपाळ गरम लागले.

गुरुवार, ४ डिसेंबर

दत्तजयंती. दुपारी पत्रिका आली. माझे सदर दुसऱ्याच पानावर आहे. मिठागरावरील पुस्तकाचे चांगले जमले आहे. चित्रपटाखाली मी लिहिले होते : ‘पित्याच्या मूक वात्सल्याची ही कथा ज्येष्ठांनी सहकुटुंब पाहावी.’

संध्याकाळी प्रसाद घेताना साकेतने जाहीर केले की एकोणीस तारखेला सर्वांनी दापोलीकडे जायचे. समुद्रावर. गाडी तोच चालवणार. मैथिली आनंदली, पण तिला नवलही वाटले. “तीन वर्षं मी मागे लागले होते, तेव्हा रजा मिळत नव्हती. आता कशी मिळाली?”

“मिळाली.”

“आणि उर्वीची शाळा?”

“एक दिवस बुडली तर काय बिघडतं?”

मी म्हणालो, मी घरीच राहीन, देवपूजा अडते. त्याने माझा हात धरला. “नाही आप्पा. तुम्ही हवेतच. कुणी मागे राहायचं नाही.”

पंचांग काढले. एकोणिसाला अमावास्या लागते. मी तसे सांगितले, तर म्हणाला, “त्यातला त्यात चांगली वेळ काढून द्या ना.” मी काढून दिली. पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटे.

रविवार, ७ डिसेंबर

नीलाताईंचा फोन. या मंडळाच्या चिटणीस. चाळीस वर्षे न्यायालयात लघुलेखिका होत्या, त्यामुळे आरोप मुद्देसूद करतात.

“आप्पा, तो सिनेमा तुम्ही शेवटपर्यंत पाहिलात का?”

मी माझा नियम सांगितला.

“नियम गेला खड्ड्यात! तो माणूस बायकोला आणि पोरांना होडीतून नेतो आणि परत आणत नाही. कुणीच परत येत नाही, आप्पा! आणि तुम्ही छापलंत, सहकुटुंब पाहावा! मी नातवाला शेजारी घेऊन बसले होते. त्याने मला विचारलं, आजी, ते बाबा असं का करतात? काय सांगू मी त्याला?”

“तुम्ही काय सांगितलेत?”

“सांगितलं की त्या माणसाने वेळेवर तोंड उघडलं नाही म्हणून. दुसरं काय सांगणार?”

मला लाज वाटली. पुढील अंकात दिलगिरी देण्याचे कबूल केले. मृत्यू दाखवणाऱ्या कलेविषयी माझा आक्षेप अधिकच दृढ झाला आहे. त्यावर स्वतंत्र टिपण लिहावे म्हणतो.

शनिवार, १३ डिसेंबर

साकेतने गॅलरीतील सर्व कुंड्या खाली वॉचमनच्या बायकोला दिल्या. त्यातला सोनचाफा त्याने स्वतः माजिवड्याच्या रोपवाटिकेतून आणून चार वर्षे जपला होता. मी विचारले तर म्हणाला, “पाणी कोण घालणार?”

“तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“तिला हवा होता, आप्पा.”

दुधवाल्यालाही त्याने एकोणीसपासून नको म्हणून सांगितले. पुन्हा कधीपासून, ते सांगितले नाही. दुधवाला मला जिन्यात विचारत होता. साकेत पूर्वी असा अव्यवस्थित नव्हता.

आज त्याने उर्वीला पतंग करून दिला, मैथिलीच्या डोक्याला तेल लावून दिले. घरात इतकी शांती कित्येक महिन्यांत नव्हती. मी देवाजवळ कृतज्ञता व्यक्त केली.

गुरुवार, १८ डिसेंबर

जमेल तसे लिहितो.

सकाळी साडेआठला साकेत डबा घेऊन निघाला. बुटाची नाडी बांधताना म्हणाला, “उद्या सगळ्यांनी चांगले कपडे घाला हं. आप्पा, तुमचा रेशमी सदरा. होडीतून फिरून येऊ.”

दार लागले. मी पूजेला बसलो. गंध उगाळता उगाळता हात थांबला. हे वाक्य मी कोठेतरी ऐकले होते. साकेतच्या तोंडून नव्हे.

उर्वी शाळेला निघाली होती. तिला विचारले, “बाळ, माझ्या घुबडावर आणखी कोण बघते?”

“बाबा. फोनवर. मी विचारलं होतं तर म्हणाला, आजोबांसाठी चाचणी घेतोय.” मोजा चढवत तिने वर पाहिले. “आजोबा, तुम्ही रडताय?”

तिला म्हणालो, गंधाचा हात डोळ्याला लागला. तो खरोखरच लागला होता.

ती गेल्यावर मी टीव्ही लावला. तांबडी रेघ त्याच जागी होती. सोवळ्यातच उभा राहून मी ती शेवटची पंधरा मिनिटे पाहिली. रखवालदार शांतपणे वल्हवतो. मुले गाणे म्हणतात. किनारा दिसेनासा झाल्यावर धाकटी विचारते, “बाबा, आज दिवा कोण लावणार?” तो म्हणतो, “आज गरज नाही.” त्यानंतर माणूस दिसत नाही. केवळ पाणी. शेवटी दिवा आपोआप लागतो.

पाहता पाहता सारे एकेक करून समोर आले. खोके. कट्टा. कुंड्या. दूध. आणि सर्वांच्या वर माझेच शब्द : आश्रयच नाही, तर दुःख राहील कोठे. माझ्या मुलाने मला परीक्षेतला प्रश्न विचारला नव्हता. तो परवानगी मागत होता आणि मी ती दिली. वर वेळही काढून दिली.

मधुभाऊंना फोन केला. एवढेच म्हणालो, “उपवनला तो असेल तर त्याला घेऊन या. एकटा सोडू नका.” त्यांनी एकही विनोद केला नाही. “निघालोच,” म्हणाले. नंतर मैथिलीला फोन केला आणि तिने न विचारताच मी सर्व सांगितले. पलीकडे काचेचे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

साडेअकराला ते दोघे आले. मधुभाऊंनी साकेतचा दंड पकडून ठेवला होता, आगारात पाकीटमार धरावा तसा. साकेत हसण्याचा प्रयत्न करीत होता. “काय झालं आप्पा? अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावलीत.”

मी म्हणालो, “साकेत, मी शेवट पाहिला.”

“कसला शेवट?”

“तुझी रेघ जेथे थांबते, तेथून पुढचा.”

तो उभ्या जागी खाली बसला. डबा कलंडला, त्यातली भाजी तशीच होती, एक घासही मोडलेला नव्हता. म्हणाला, “ऑगस्टपासून नोकरी नाही, आप्पा. रोज सांगणार होतो. मग वाटलं, तुमच्यापैकी कुणाला कळायलाच नको. असं कळून जगायलाच लागू नये कुणाला.”

पन्नास वर्षे ज्यांच्या आधारावर बोललो त्यांतला एकही श्लोक मला आठवला नाही. मी एवढेच म्हणालो, “एकादशीला मी तुला चुकीचे उत्तर दिले. ते खोड. दुःखाला आश्रय लागतो, तो मी आहे. मला राहू दे.”

तो माझ्या धोतराचा सोगा तोंडात धरून रडला. चार वर्षांचा असताना धरी, तसा.

शुक्रवार, १९ डिसेंबर

पाच चाळीस होऊन गेले. कोणी निघाले नाही.

काल सायंकाळी मैथिलीने त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. आजपासून औषध. त्याला एकटे ठेवायचे नाही असे त्यांनी बजावले आहे. रात्रभर ती त्याच्या उशाशी होती. पहाटेपासून मी आहे. उर्वीला सांगितले की बाबांना बरे नाही. तिने पतंग त्याच्या खाटेला बांधून ठेवला.

नीलाताई येऊन गेल्या. त्यांना खरे ते सांगितले. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि विचारले, “पुढच्या अंकाचं काय करू?”

“सदर कोरे सोडा.”

“कोरं नाही सोडत. मी लिहिते काहीतरी. तुम्ही त्याच्याजवळ बसा.”

रविवार, २१ डिसेंबर

साकेत आज भात जेवला. सोनचाफ्याची चौकशी केली. वॉचमनची बायको कुंडी घेऊन वर आली तेव्हा त्याने पानांवरची धूळ बोटाने पुसली. मैथिली माझ्याकडे पाहून प्रथमच हसली आणि अंघोळीला गेली. मी जपाला बसलो.

थोड्या वेळाने तो उठून देवघराच्या दाराशी आला. दाढी केलेली. आपला रेशमी सदरा घातलेला. आवाज अगदी नेहमीचा, स्वच्छ.

“आप्पा, गाडीची किल्ली कुठे आहे?”

“कशाला?”

“सहज. गाडी चार दिवस बंद आहे ना. एक फेरी मारून येतो. उर्वीलाही नेतो.”

मी माळ ओढत राहिलो. त्याने तेच पुन्हा विचारले, जास्त प्रेमाने.

“मधुभाऊंकडे दिली,” मी म्हणालो. “ते काल पुण्याला गेले. कधी येतील, सांगितलेले नाही.”

मधुभाऊ खोपटलाच आहेत. हे माझ्या आयुष्यातले पहिले असत्य. आणि ते देवासमोर, हातात माळ असताना मी न अडखळता उच्चारले. साकेत माझ्याकडे पाहत राहिला. माझा नियम त्याच्याइतका कोणाला ठाऊक आहे? त्याने विश्वास ठेवला. मान हलवली आणि खोलीत जाऊन आडवा झाला.

मी जप पुरा केला. मग दुसरी माळ धरली. आसनाखाली किल्ली टोचत होती. मैथिली बाहेर येईपर्यंत मी हललो नाही.